टॅपेट गप्प झाल्यापासून गाडी गरम असली की स्टार्ट होईना, घरीच सेटिंग करायचं म्हणतोय

अनगोळ_१५०

नमस्कार मंडळी. गाडी युनिकॉर्न १५०, कार्बोरेटरवाली. हेडमधून टिकटिक येत होतं म्हणून गॅरेजला दिलो, तिथं गाडी चालू ठेवूनच कान लावून टॅपेट (व्हॉल्ववरचा गॅप ठरवणारे स्क्रू) टाइट करून दिले, आवाज एकदम बंद झाला, मी पण खूश. पण तेव्हापासून असं होतंय की सकाळी थंड असताना पहिल्या किकला स्टार्ट, आणि एकदा चांगली गरम झाली, बंद केली की परत स्टार्ट व्हायला नको म्हणते. परवा चोर्ल्याकडं निघालेलो, कणकुंबीला चहाला थांबलो आणि निघताना किक मारून मारून पाय भरून आला, अर्धा तास तसंच थांबलो मग झाली स्टार्ट. स्लोला पण बंद पडालीय, आणि उतारावर रेस सोडली की सायलेन्सरमधून फट फट करालीय. प्लग नवीन घातलो, एअर फिल्टर साफ केलो, कार्बोरेटर खोलून धुऊन झाला, फरक काही नाही.

आता मित्र म्हणालेत टॅपेट परत बघ. मला हे काम स्वतःच शिकायचं आहे. मॅन्युअलमधे थंड इंजिनला गॅप इनलेट ०.०८ आणि एग्झॉस्ट ०.१२ मिलीमीटर दिलंय. फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) कसला घ्यावा, टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) नेमका कसा ओळखायचा आणि पट्टी किती घट्ट लागली म्हणजे बरोबर हे हाताला कसं कळायचं? ऑइल, चेन, ब्रेक शू, क्लच केबल एवढं मी घरी करतो, हेडला अजून हात लावलेला नाही. आणि एक, टॅपेटचा आवाज अजिबात नसणं हे चांगलंच ना?

उद्यमबाग_टर्नर

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण सगळं दुखणं तिथंच आहे असं मला वाटतंय. आवाज अजिबात नसणं चांगलंच असं नाही. टॅपेट थोडा ढिला असला तर टिकटिक करतो, थोडं पिकअप कमी होतं, रॉकरची (व्हॉल्वला दाबून उघडणाऱ्या दांड्याची) झीज होते, पण गाडी चालत राहते आणि तुला आवाजाने सांगत राहते. टॅपेट टाइट झाला तर आवाज काही येत नाही आणि व्हॉल्व जळतो. म्हणून गप्प टॅपेटला जास्त भ्यायचं.

कारण असं की एग्झॉस्ट व्हॉल्व त्या जळत्या गॅसमधे बसलेला असतो आणि त्याची उष्णता मुख्यतः कुठून बाहेर जाते तर तो बंद होऊन सीटला टेकतो तेव्हा, सीटमधून हेडमधे आणि हेडच्या फिनमधून हवेत. आता इंजिन तापलं की व्हॉल्वची दांडी लांब होते. त्या वाढीसाठी म्हणून थंड असताना गॅप सोडलेला असतो, आणि एग्झॉस्ट जास्त तापतो म्हणूनच त्याला ०.१२ आणि इनलेटला ०.०८. गॅप नसला की गरम झाल्यावर रॉकर त्या व्हॉल्वला पूर्ण बसूच देत नाही, बारीक फट राहते, तिथून कॉम्प्रेशन पळतं, गरम गॅस त्याच फटीतून जातो, सीट आणि व्हॉल्वची कड खाल्ली जाते. तुझी सगळी लक्षणं यात बसतात: थंड असताना ओके, गरम झाली की किकला दम नाही, थंड होऊ दिली की परत ओके. मिस्त्री लोक चालू गाडीवर कानाने करतात, काहींचा हात खरंच चांगला असतो हे मी मान्य करतो, पण मॅन्युअलचा आकडा थंड इंजिनचा आहे आणि कानाला ०.०८ आणि ०.०३ मधला फरक नीट कळत नाही. आवाज बंद होईपर्यंत टाइट करायचं ही पद्धतच चुकीची.

गेजबद्दल. स्वस्तातल्या सेटमधे ०.०५, ०.१०, ०.१५ अशा पट्ट्या येतात, तो तुला उपयोगाचा नाही. ०.०५ पासून शंभरावा हिस्सा वाढत जाणाऱ्या पट्ट्या असलेला सेट बघ, उद्यमबागला टूल्सच्या दुकानात मिळतो. ०.१२ ची पट्टी नसली तर ०.०५ आणि ०.०७ दोन एकत्र घालायच्या, मात्र दोन्ही पट्ट्या पेट्रोलने पुसून, मधे ऑइलचा थर किंवा कचरा राहिला तर माप खोटं येतं. आमच्याकडं मायक्रोमीटर हाताशी असतो म्हणून मी नवीन सेटच्या बारीक पट्ट्या एकदा मोजून घेतो. तुझ्या ओळखीत कोण लेथवर असेल तर त्याच्याकडून मोजून घे, दोन मिनिटाचं काम आहे. ८० मायक्रॉनची गोष्ट आहे ही, पट्टीच वाकडी किंवा दुमडलेली असली तर सगळी मेहनत पाण्यात.

आता काम. गाडी रात्रभर उभी करून सकाळी कर. इंजिन ३५ डिग्रीच्या खाली पाहिजे, हाताला गार लागलं म्हणजे गार असं धरू नकोस, हेड आतून बराच वेळ गरम राहतं. डबल स्टँडवर लाव, पेट्रोलचा कॉक बंद, टाकी काढ म्हणजे हात मोकळा चालतो. हेडच्या आजूबाजूची धूळ आणि लाल माती ब्रशने आणि हवेने आधी साफ कर मगच कव्हर उघड, आपल्याकडं खानापूर साइडला जाऊन आलेल्या गाडीला ती माती कुठं कुठं चिकटलेली असते हे तुला माहितीच आहे, तीच आत पडली तर कॅम खाते. प्लग काढून ठेव, मग इंजिन हाताने अलगद फिरतं. प्लगच्या भोकावर आणि टायमिंग चेनच्या बोळात काही पडू नये म्हणून स्वच्छ फडकं ठेव, पण इंजिन फिरवायच्या वेळी चेनजवळचं फडकं काढायला विसरू नको.

डाव्या बाजूला मॅग्नेट कव्हरवर दोन टोप्या असतात, मधली मोठी आणि वरची छोटी. मधलीतून सॉकेट घालून क्रँक फिरवायचा, डावीकडून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने, कारण इंजिन त्याच दिशेने फिरतं. वरच्या छोट्या खिडकीतून मॅग्नेटवरच्या खुणा दिसतात. T ची रेघ कव्हरवरच्या खाचेला जुळवायची. F ची पण खूण असते, ती इग्निशनची, तिच्यावर थांबू नको.

पण T जुळली म्हणजे झालं असं नाही. फोर स्ट्रोकमधे पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एग्झॉस्ट संपताना. आपल्याला कॉम्प्रेशनचा पाहिजे. फिरवताना इनलेटच्या रॉकरवर लक्ष ठेव, तो व्हॉल्वला खाली दाबतो, मग सोडतो, सोडल्यानंतर जी पहिली T येईल तीच तुझी. मग दोन्ही रॉकर बोटाने हलवून बघायचे, बारीक टकटक खेळ लागला पाहिजे. दोन्ही दाबलेले असतील तर चुकीचा टीडीसी आहे, आणखी पूर्ण एक फेरा. तुझ्या गाडीत एक गोम आहे, एग्झॉस्ट आधीच इतका टाइट असेल की बरोबर टीडीसीला पण खेळ लागणार नाही, म्हणून इनलेटच्या हालचालीवरून ओळखणं जास्त भरवशाचं. आणि T च्या पुढं गेलास तर उलटं फिरवून मागं आणू नको, काही इंजिनात डीकॉम्प्रेसर (स्टार्टला कॉम्प्रेशन हलकं करणारा भाग) असतो, उलट फिरवलं की तो एग्झॉस्ट उचलतो आणि माप खोटं येतं. सरळ दोन फेरे परत फिरवून ये.

पट्टी घालायची रॉकरच्या स्क्रूचं टोक आणि व्हॉल्वच्या दांडीचं डोकं यांच्या मधे, सपाट, तिरकी नाही. हाताचं म्हणशील तर पट्टी ओढताना किंचित चिकटल्यासारखी लागते, लोण्यातून सुरी काढावी तसं. ढकलायला गेलास की वाकते म्हणजे गॅप कमी. सैल सटकली म्हणजे जास्त. नवीन माणसाने हाताच्या अंदाजावर न जाता दोन पट्ट्या वापराव्यात: इनलेटला ०.०८ गेली पाहिजे आणि ०.१० जायला नको. एग्झॉस्टला ०.१२ गेली पाहिजे आणि ०.१४ जायला नको. एवढं जमलं की झालं.

काही बदलायच्या आधी आत्ता किती आहे ते मोजून वहीत लिही. हे लोक करत नाहीत, आणि मग व्हॉल्व बसत चाललाय का रॉकर झिजालाय हे पुढच्या वेळी कळायला काही मार्ग राहत नाही.

चिकोडी_रायडर

टर्नर साहेबांनी सगळंच सांगितलंय, थोडी भर घालतो. मॅग्नेटची मधली टोपी लई वेळा जाम असते, रुंद स्क्रूड्रायव्हर किंवा नाण्याने उघडायला गेलं की खाच तुटते. तसलं असेल तर तिच्या मागं न लागता गाडी डबल स्टँडवर, टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने पुढच्या दिशेला फिरवायचं, प्लग काढलेला असला की आरामात फिरतं. वरची छोटी खिडकी तेवढी उघडली पाहिजे. पण चाकाने एकदम नेमकं T वर थांबवायला जरा सराव लागतो, चेन ढिली असली की चाक थोडं मागं येतं.

आणि सकाळी म्हणजे सकाळीच. तुमच्या बेळगावला हवा बरी असते, आमच्याकडं एप्रिल-मेमधे दुपारी शेडमधे नुसती उभी केलेली गाडी पण पस्तिशीच्या वर असते. मी पहाटे चहाच्या आधी करतो हे काम.

प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टन वर आलाय का बघायची सवय लई जणांना आहे. नका करू, तिरका अडकला की पिस्टनचं डोकं नाहीतर भोकाचे आटे जातात. भोकावर अंगठा ठेवला तरी कॉम्प्रेशनला हवा अंगठा ढकलते, तेवढं पुरतं.

खानापूरचे_काका

मुलांनो, चर्चा चांगली चाललीय. फक्त एक सांगून ठेवतो कारण हे वाचून कोणतरी दुसऱ्या गाडीला तोच आकडा लावेल. प्रत्येक इंजिनचं शास्त्र वेगळं.

माझ्याकडं जुनी कास्ट आयर्न बुलेट आहे. तिला फिलर गेज लागतच नाही. थंड इंजिन, कॉम्प्रेशनचा टीडीसी, उजव्या बाजूला सिलिंडरखालचं छोटं झाकण एका नटावर असतं ते काढायचं, आत दोन पुशरॉड दिसतात. पुशरॉड बोटांनी गोल फिरला पाहिजे आणि वर खाली मात्र हलता कामा नये. म्हणजे गॅप शून्य, पण दाब पण शून्य. फिरायला जड वाटला तर टाइट आहे. ही पद्धत त्या इंजिनाची, तुझ्या होंडाला असं शून्य लावशील तर व्हॉल्व गेलाच म्हणून समज.

मधल्या काळातल्या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनवाल्या क्लासिक ३५० ला हायड्रॉलिक टॅपेट, ते ऑइलच्या दाबावर स्वतःच गॅप भरून काढतात, तिथं सेटिंग हा प्रकारच नाही, आवाज आला तर आधी ऑइल बघायचं. केटीएम ३९० ला शिम, म्हणजे स्क्रू नाही, ठराविक जाडीची चकती बदलावी लागते आणि त्यासाठी कॅम काढावा लागतो, ते पहिल्या दिवशी शिकायचं काम नव्हे. आणि आरएक्स १०० वाल्यांनी हे वाचायची गरज नाही, टू स्ट्रोकला हे व्हॉल्वच नाहीत.

तुझी गाडी स्क्रू आणि लॉकनटवाली आहे, शिकायला सगळ्यात चांगली. बिनधास्त कर बाळ, घाई करू नकोस.

अनगोळ_१५०

सगळ्यांना धन्यवाद, काका तुम्हाला विशेष. आज सकाळी उघडून बसलोय आणि अर्ध्यावर अडकलोय म्हणून परत लिहालोय. मोजलेलं असं आहे: इनलेटला ०.०७ जातेय, ०.०८ अडकतेय. एग्झॉस्टला ०.०५ ची पट्टी सुद्धा आत शिरत नाही. इनलेट सोडल्यानंतरची पहिलीच T आहे हे दोनदा बघून घेतलो, टीडीसी बरोबर आहे.

आता दोन अडचणी. पहिली, स्क्रू ०.१२ वर बसवतो, पट्टी छान चिकटतेय, पण लॉकनट आवळला की पट्टी एकदम जाम होते, परत सैल करा परत तेच. दुसरी जास्त काळजीची, इतके दिवस एग्झॉस्ट असा टाइट चाललाय म्हणजे व्हॉल्व जळला असेल का? हेड न उघडता कळायला काही मार्ग आहे का?

उद्यमबाग_टर्नर

०.०५ पण जात नाही म्हणजे दुखणं सापडलं. चांगलं झालं मोजून लिहिलास.

लॉकनटचं असं होतं की नट आवळताना तो स्क्रूला सोबत फिरवतो, आणि आट्यांमधला जो बारीक खेळ असतो तो पण एका बाजूला ओढला जातो. म्हणून स्क्रू धरून ठेवायचा. चौकोनी डोक्याच्या स्क्रूला टॅपेटची चावी मिळते, ती एका हातात घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताने रिंग पान्याने नट आवळायचा. पकडीने धरू नको, चौकोनाचे कोपरे जातात आणि मग स्क्रू रॉकरमधून काढणं हा वेगळाच ताप. पट्टी आतच ठेवून आवळ, शेवटचा दाब दिल्यावर पट्टी ओढून बघ. माझी पद्धत अशी की नट आवळल्यावर साधारण कुठल्या बाजूला किती सरकतंय ते एकदा बघून घेतो आणि पुढच्या वेळी तेवढंच उलट बाजूला जास्त ठेवून आवळतो, मग बरोबर मापावर येऊन बसतं. नटाला ताकद दाखवू नको, बारीक आटे आहेत.

आवळून झालं की क्रँक दोन पूर्ण फेरे फिरव, परत त्याच टीडीसीला ये आणि परत मोज. बऱ्याच वेळा पहिलं माप आणि हे माप वेगळं निघतं कारण रॉकर आणि कॅममधलं ऑइल दाबलं गेलेलं असतं. हे दुसरं माप खरं.

आणि आणखी एक, स्क्रूच्या टोकाकडं बॅटरी मारून बघ. जुन्या गाडीत तिथं व्हॉल्वच्या दांडीने बारीक खड्डा पाडलेला असतो. सपाट पट्टी त्या खड्ड्यावरून पुलासारखी आडवी जाते, खड्ड्यात उतरत नाही, म्हणजे पट्टी ०.१२ म्हणते आणि खरा गॅप त्याहून जास्त असतो. माप बरोबर असूनही टिकटिक राहिली तर कारण हेच असतं, तिथं टाइट करत बसायचं नाही, स्क्रू नवीन घालायचा.

इनलेट ०.०७ म्हणजे मापाच्या आसपासच आहे, पण हात लागलाच आहे तर ०.०८ करून टाक.

व्हॉल्वचं आधी सेटिंग कर आणि गाडी चालवून बघ. थोडेच दिवस टाइट चाललेला व्हॉल्व वाचलेला असू शकतो. आधीच सीट खाल्ली गेली असेल तर गॅप बरोबर करून पण गरम असताना किकला दम येणार नाही. मग कॉम्प्रेशन गेज लावून बघायचं, गरम इंजिन, थ्रॉटल पूर्ण उघडा, आकडा लिहून घ्यायचा, नंतर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून परत घ्यायचं. ऑइल घातल्यावर आकडा चांगला वाढला तर रिंग किंवा बोअरची भानगड, कारण ऑइल रिंगभोवती जाऊन फट बुजवतं. आकडा तिथंच राहिला तर हवा व्हॉल्वमधून चाललीय, कारण वरच्या व्हॉल्वपर्यंत ते ऑइल पोचत नाही. एवढ्यावरून हेड उघडायचं का नाही ते ठरतं.

निपाणी_एक्सप्रेस

मी दोन्ही बाजूंनी बघितलेलं आहे म्हणून हेडच्या कामाचं थोडं लिहितो, अनगोळ भावाला लागू नये अशीच इच्छा आहे पण लागलं तर फसवणूक होऊ नये.

हेड उतरवायची वेळ आलीच तर लगेच नवीन व्हॉल्व, गाइड, सीट असं सगळं सांगणाऱ्याला आधी एक तपासणी करायला सांगायची, आपल्या समोर. पोर्टचं (हवा-गॅस जायच्या वाटेचं) तोंड वर येईल असं हेड धरून, व्हॉल्व स्प्रिंगसकट जागेवर, पोर्टमधे पेट्रोल ओतायचं आणि चेंबरच्या बाजूला बघायचं. ओल दिसली, थेंब आला तर तो व्हॉल्व बसत नाही. कोरडं राहिलं तर व्हॉल्वला हात लावायची गरज नाही. नुसतं थोडं पाझरत असेल आणि व्हॉल्वची कड साबूत असेल तर लॅपिंग पेस्टने घासून भागतं, सीटवर राखाडी रंगाचा अखंड एकसारखा गोल पट्टा उमटला पाहिजे, कुठं तुटलेला नको. कड जळून खाच पडली असेल तर तो व्हॉल्व घासून सुधारत नाही, बदलायचाच. पेस्टचा कण पण आत राहता कामा नये, रॉकेलने दोन दोनदा धुवायचं.

आणि लॅपिंग झालं की व्हॉल्व सीटमधे थोडा आत बसतो, म्हणजे दांडीचं डोकं वर रॉकरकडं सरकतं आणि गॅप कमी होतो. त्यामुळं हेडचं काम झाल्यावर टॅपेट सेटिंग नव्याने, आणि काही शे किलोमीटर चालवून सगळं जागेवर बसलं की परत एकदा थंड इंजिनला मोजायचं. हे दुसरं मोजणं गॅरेजमधे सांगत नाहीत, आपणच करायचं. नुसत्या चालवण्याने पण व्हॉल्व हळूहळू सीटमधे बसत जातो, त्यामुळं आवाज आला नाही म्हणून बघायचं नाही असं नको, मॅन्युअलच्या तक्त्यात जेवढ्या किलोमीटरला लिहिलंय तेवढ्याला उघडायचंच.

कव्हर लावताना रबर पॅकिंग किंवा ओरिंग कडक झाली असेल तर तीच परत बसवू नको भावा, नवीन घाल, नाहीतर ऑइल पाझरून सगळ्या फिनांवर मातीचा थर बसतो आणि हेड थंड होत नाही. मॅग्नेटच्या दोन्ही टोप्यांच्या ओरिंग पण त्याच वेळी बघून घे, पावसात तिथून पाणी आत जातं. बोल्ट कोपऱ्या-कोपऱ्याने थोडे थोडे आवळ. चालू करायच्या आधी टायमिंग चेनजवळचं फडकं निघालंय ना, ते परत बघ.